सहा प्रार्थनांची वेळ

माझी ताई एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांच्या थुंकीत टीबीचे जंतू शोधत आली, आणि एवढ्या वर्षांत तिनं कामाला घड्याळ म्हणून लावलं नाही. मी घड्याळं दुरुस्त करतो. म्हणजे बघा, सख्खा भाऊ घड्याळजी, त्याच्या दुकानात भिंतभर घड्याळं टिकटिकतायत, आणि बहीण वेळ मोजणार प्रार्थनेवर. दर वाढदिवसाला मी तिला एक घड्याळ देऊ करायचो आणि दर वाढदिवसाला ती म्हणायची, "असू दे, गिऱ्हाइकाला दे. माझं बंद पडत नाही."

तिची पद्धत अशी. काचेच्या पट्टीवर, म्हणजे स्लाइडवर, रुग्णाची थुंकी पसरून वाळवायची. तिच्यावर लाल रंग ओतायचा, खालून दिव्यानं ऊब द्यायची आणि पाच मिनिटं थांबायचं. पाच मिनिटं म्हणजे दहा वेळा प्रभूची प्रार्थना. मग धुवायचं आणि ॲसिड ओतायचं, तीन मिनिटं, सहा प्रार्थना. ॲसिड बाकी सगळ्यांवरचा लाल रंग उतरवतं. टीबीचा जंतू चिवट, तो रंग धरून ठेवतो. पुन्हा धुवायचं, वरून निळा रंग, दोन प्रार्थना. नंतर मायक्रोस्कोपखाली निळ्यावर लाल काड्या दिसल्या की आजार आहे. काचेवरच्या शंभर जागा पाहूनही एकसुद्धा काडी दिसली नाही, तर रजिस्टरमध्ये लिहायचं 'निल'.

हे खूळ वडिलांमुळे. वडील चर्चची राखण करायचे. घंटा वाजवायची, बाकं पुसायची, मेणबत्त्यांचं मेण खरवडायचं. त्यांचा थोरला भाऊ शहाणा निघाला, खूप शिकला आणि पुन्हा चर्चची पायरी चढला नाही. वडिलांनी ते मनाला लावून घेतलं होतं. त्यामुळे हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर घरी आल्या आणि म्हणाल्या, पोरगी हुशार आहे, हिला मी लॅबमध्ये शिकवते, तेव्हा वडिलांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. ताई सतरा वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्या ताटासमोर बसून म्हणाली, "हात कामात असतील तेव्हा तोंडात प्रार्थना असेल. एकही काच प्रार्थनेवाचून करणार नाही. आता जेवा." वडील जेवले. मी दाराआडून बघत होतो, मला आठवतं, कारण मलाही त्या दोन दिवसांत कोणी नीट जेवू घातलं नव्हतं.

मोठ्या सिस्टर व्यवहारी बाई होत्या. लॅबमधलं घड्याळ तेव्हा बंद पडलेलं होतं. त्यांनी ताईला प्रार्थना म्हणायला लावली आणि आपल्या मनगटावर बघितलं. अर्धं मिनिट. पुन्हा म्हणायला लावली. अर्धं मिनिट. "चालेल," म्हणाल्या, आणि विषय मिटला. वडिलांचा शब्द राहिला, ॲसिडची वेळही राहिली. ताईला वाटायचं की आपल्या आयुष्यात श्रद्धा आणि शिक्षण यांचं भांडण एकदाच झालं आणि तिथेच मिटलं. मी तिला चिडवायचो, तू देवाला स्टॉपवॉच केलंयस. ती हसून सोडून द्यायची. तिचं लग्न झालं नाही, तिनं केलं नाही. माझ्या घराच्या वरच्या खोलीत राहायची. हॉस्पिटलात सगळे तिला काचताई म्हणायचे आणि तिचा रिपोर्ट म्हणजे दगडावरची रेघ, डॉक्टर फेरतपासणी करत नसत.

आता त्या मंगळवारचं सांगतो.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना एकच मुलगी, एकोणीस वर्षांची. बायको तीन वर्षांपूर्वी वारली, तेव्हापासून घरात दोघंच. चर्चच्या मंडळीत त्या मुलीला सगळे धाकटी म्हणतात, थोरलं कोणी नसताना. धाकटीला टीबी झाला. दोन महिने गोळ्या घेतल्या, तरी ताईच्या काचेवर लाल काड्यांची गर्दी तशीच. डॉक्टरांनी पाळकसाहेबांना बसवून सांगितलं, हिच्यावर या गोळ्या चालत नाहीत. औषध बदलावं लागेल, रोज इंजेक्शन, दीड वर्ष, ऐकू येण्यावरही परिणाम होऊ शकतो. बदलायच्या आधी एकदा पुन्हा तपासू. आणि धाकटीचा तर शिक्षिका व्हायच्या कॉलेजात प्रवेश झालेला. तिथल्या हॉस्टेलात एका हॉलमध्ये चाळीस मुली झोपणार.

मंडळीनं सात दिवस प्रार्थना धरली. रोज संध्याकाळी चर्च भरायचं. मीसुद्धा गेलो, शेवटच्या बाकावर, पण गेलो. सातव्या दिवशी, मंगळवारी, ताईनं काच केली. निल.

पाळकसाहेब लॅबच्या खिडकीबाहेर उभेच होते. ताईनं खिडकीतून सांगितलं आणि तो मोठा माणूस तिथल्या बाकड्यावर मटकन बसून रडला. तासाभरात गावभर झालं. डॉक्टरही खूश झाले, म्हणाले, मग औषध बदलायला नको, आहेत त्याच गोळ्या पूर्ण करू. पण त्या गोळ्यांनी धाकटीला दोन महिने रोज उलट्या व्हायच्या. तिनं वडिलांना विचारलं, देवानं बरं केलंय तर गोळ्या कशाला? पाळकसाहेबांनी तिला अडवलं नाही. ठरलं असं की रविवारी उपकारस्तुतीच्या उपासनेत ती गोळ्यांचा डबा वेदीवर ठेवेल आणि दुपारच्या गाडीनं हॉस्टेलला जाईल. हे डॉक्टरांना कोणी विचारलं नाही.

शुक्रवारी पाळकसाहेब माझ्या दुकानात आले. एरवी ते फक्त चर्चच्या घड्याळासाठी येतात.

"लॅबमधला तो जुना मायक्रोस्कोप, आरशाचा, तो चर्चमध्ये आणता येईल का?" त्यांनी विचारलं. "खिडकीपाशी टेबल ठेवू. ताई तीच काच लावतील, मी बघेन, मंडळीतले चार जण बघतील. शिकलेली माणसं देवापासून लांब जातात असं म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. तुमचे वडीलही त्यातलेच होते, राग मानू नका. एकदा लोकांना दिसू दे की शिक्षणही साक्षीला उभं राहतं."

मी ताईला सांगितलं तर तिचा चेहरा उजळला. "बाबा असायला हवे होते," एवढंच म्हणाली. सगळं आयुष्य त्या माणसाला जे पटवायचं राहिलं होतं ते आता भर चर्चमध्ये, त्यांनीच पुसलेल्या बाकांसमोर पटणार होतं. तिनं नवी साडी काढून ठेवली. पन्नाशीच्या घरातल्या बाईचा तो उत्साह बघून मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

शनिवारी दुपारी लॅब लवकर बंद होते. मी स्क्रू ड्रायव्हर आणि तेलाची कुपी घेऊन गेलो, जुना मायक्रोस्कोप वर्षानुवर्षं कपाटात होता, त्याचा स्क्रू घसरत होता. लॅब म्हणजे लांबट खोली, एका बाजूला सिंक, त्यावर लोखंडी सळ्यांचा स्टँड, सळ्यांवर रंगाचे डाग, खिडकीपाशी टेबल. मी स्क्रू काढत बसलो. ताईनं धाकटीच्या काचेचा नंबर बघायला रजिस्टर उघडलं.

बराच वेळ झाला तरी पान उलटल्याचा आवाज नाही. मी मान वर केली. ती एका पानावर बोट ठेवून उभी होती.

"काय झालं?"

"मंगळवारी अकरा काचा होत्या," ती म्हणाली. "अकराही निल."

"मग चांगलंच की."

"अरे, त्यात तो म्हातारा गवंडी आहे. त्याची मागच्या आठवड्याची काच नुसती लाल होती. त्याला कोणी अजून गोळी दिलेली नाही." तिनं मागची पानं भराभर उलटली. "एकतीस वर्षांत माझ्याकडे एका दिवसाच्या सगळ्या काचा कधी निल आल्या नाहीत. कधीच."

ती स्टुलावर बसली. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी दिलं, ते तिनं तसंच हातात धरलं.

"मी पहिली काच धाकटीची बघितली," ती हळू बोलत होती, मला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे. "निल दिसली आणि मला रडू आलं. उरलेल्या दहा मी तशाच भरल्या डोळ्यांनी बघितल्या. निल, निल, निल. मला वाटलं, काय दिवस आहे."

"मग चुकलं कुठे?"

तिनं सिंककडे बघितलं. मग तिला आठवलं, आणि ते आठवताना तिचा चेहरा कसा झाला ते मी विसरणार नाही.

"ॲसिड ओतलं," ती म्हणाली. "प्रार्थना सुरू केली. पहिली झाली, दुसरी झाली. तिसऱ्यांदा म्हणताना धाकटी डोळ्यांसमोर आली. मग मी माझ्याच शब्दांत बोलायला लागले. देवा, हिला बरं कर. हिची आई नेलीस, हिला नको नेऊ. किती वेळ मागत होते मला माहीत नाही. डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा झाडूवाली येऊन फरशी पुसून गेली होती. फरशी वाळली होती."

फरशी वाळायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. घड्याळ लागत नाही त्याला.

"जंतू चिवट असतो म्हणतेस ना तू?"

"तीन मिनिटांना चिवट. अर्ध्या तासाला कोण चिवट राहतं?"

म्हणजे बघा, बाई इतकी वर्षं तोंडानं प्रार्थना म्हणत होती तोवर सगळं बिनचूक चाललं. ज्या दिवशी मनापासून केली त्या दिवशी घात झाला. हे मी तिला तेव्हा बोललो नाही. तिला ते माझ्याआधीच कळलं होतं.

तिनं पेटीतून धाकटीची काच काढली, पुसली. "पुन्हा रंगवता येते," म्हणाली. "तुझं घड्याळ दे."

मी खिशातलं घड्याळ काढून सिंकच्या कडेवर ठेवलं. लाल रंग, दिवा, पाच मिनिटं. धुतलं. ॲसिड. "तीन झाली की सांग," ती म्हणाली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. तिचे ओठ असे बंद मी त्या सिंकपाशी पहिल्यांदा पाहिले. वडिलांना दिलेला शब्द ती मोडत होती, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. तीन मिनिटं इतकी लांब असतात हे मला, घड्याळजीला, त्या दिवशी कळलं.

निळा रंग लावून, वाळवून तिनं काच मायक्रोस्कोपखाली ठेवली, तेलाचा थेंब सोडला आणि वाकली. दहा सेकंदही झाली नसतील. ती बाजूला झाली. "बघ."

निळं, आणि त्यात लाल काड्या. एकेक, जोडीजोडीनं, कुठे झुबक्यानं. मला यातलं कळत नाही, पण एवढं मलाही कळलं.

तिनं उरलेल्या दहाही काचा पुन्हा रंगवल्या, एकीकडे घड्याळ बघत. चार लाल निघाल्या. गवंडी त्यात होताच. तिनं रजिस्टरमध्ये पाच ठिकाणी 'निल' खोडून बाजूला खरं काय ते लिहिलं, खाली सही केली. डॉक्टर सोमवारपर्यंत बाहेरगावी होते, त्यांच्या टेबलावर दोन पानी चिठ्ठी ठेवली. काय चुकलं, कसं चुकलं, झाडूवालीसकट सगळं लिहिलं.

मी चिडलो. "सोमवारी लिहिलं असतंस तर काय बिघडलं असतं? उद्याचा रविवार जाऊ दे. त्या माणसाची उपासना होऊ दे. नोकरी जाईल तुझी."

"ती उद्या दुपारी जाणार आहे. गोळ्या सोडून. चाळीस मुलींच्यात झोपायला."

"मग घरी जाऊन गुपचूप सांग त्यांना."

"तेच करायचंय. तू चल बरोबर."

पाच वाजता आम्ही पाळकसाहेबांच्या घरी पोचलो. दारातच बांधलेली बॅग. धाकटी इस्त्री करत होती, खोकल्याची ढास आली की इस्त्री उभी करून ठेवायची आणि पुन्हा घ्यायची. पाळकसाहेब ताईला आतल्या खोलीत घेऊन गेले. मी बाहेर बसलो.

"काका, बरं झालं आलात," धाकटी म्हणाली आणि मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यापुढे धरलं. "सारखं कोपरापर्यंत घसरतं. पट्ट्याला एक भोक पाडून द्याल?"

पट्ट्याला आधीच दोन नवी भोकं होती, कात्रीच्या टोकानं पाडलेली. मी तिसरं पाडलं. तिनं घड्याळ घातलं, हात हलवून बघितला आणि हसली. या पोरीला तीन महिन्यांत हसताना मी पाहिलं नव्हतं. तेव्हा मनातल्या मनात मीही म्हणालो, ताई, आज नको सांगू. खोटं कशाला बोलू.

ताई बाहेर आली ती माझ्याकडे न बघता सरळ रस्त्याला लागली. कोपरा वळल्यावर मी विचारलं, "सांगितलंस?"

"नाही."

"अगं, मग आत काय करत होतीस?"

"पाळकसाहेबच बोलत होते, मला तोंड उघडू देईनात." ती थांबली. "म्हणाले, ताई, तुम्हाला एक सांगतो, कोणाला सांगितलेलं नाही. बायको गेल्यापासून माझा विश्वास उरला नव्हता. तीन वर्षं मी दर रविवारी उभा राहून बोलत होतो आणि आत काही नव्हतं. मंगळवारी तुमच्या त्या खिडकीत मला तो परत मिळाला. त्यांनी माझे हात धरले रे. मी काय बोलणार होते? की तो माझ्या चुकीवर उभा आहे?"

आम्ही घरी आलो. जिना चढताना ती म्हणाली, "माझ्यानं बोलवत नाही. पण काच दाखवणारच आहे ना उद्या? दुसरी लावणार नाही, तीच लावणार. त्यांच्या डोळ्यांनी त्यांना दिसेल."

रविवारी चर्च खच्चून भरलं होतं. मी मायक्रोस्कोप उचलून आणला, वेदीच्या डाव्या हाताला खिडकीपाशी ठेवला, आरसा फिरवून उजेड धरला. ताई नव्या साडीत नव्हती, रोजच्याच होती. तिनं रुमालातून काच काढून लावली, स्क्रू फिरवला, एकदा बघितलं आणि हात मागे बांधून उभी राहिली. मला कोणी हलायला सांगितलं नाही म्हणून मीही तिथेच, आरशाजवळ.

गाणी झाली. धाकटी उठली, गोळ्यांचा डबा दोन्ही हातांत धरून पुढे आली आणि वेदीवर ठेवला. काही बायका रडत होत्या. पाळकसाहेब बोलले, थोडंच बोलले, त्यांचा आवाज भरून येत होता. मग म्हणाले, "आता आपल्या ताईंची काच सांगेल," आणि आमच्याकडे आले. चष्मा कपाळावर चढवला आणि वाकले.

ताई त्यांच्या पाठीकडे बघत होती. आता कळेल, आता सरळ होतील, आता वळून बघतील.

पाळकसाहेब बराच वेळ वाकून राहिले. मग डोळा न काढता मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "निळं आहे, सगळं निळं. आणि त्यात लाल रेघा. किती सुंदर."

त्यांना काय दिसतंय ते त्यांना कोण सांगणार होतं? बघता येतं सगळ्यांना. ताईला ते बघायला मोठ्या सिस्टरनी दोन वर्षं शिकवलं होतं. मंडळीत कोणीतरी आमेन म्हटलं. पाळकसाहेब सरळ झाले, डोळे पुसत हसले आणि पुढच्या बाकावरच्या वडीलधाऱ्यांना बघायला बोलावणार, तेवढ्यात ताईनं त्यांची बाही धरली. आमच्या चर्चमध्ये उपासना चालू असताना पाळकाला कोणी हात लावत नाही.

"साहेब," ती म्हणाली, इतकं हळू की फक्त आम्हा दोघांना ऐकू गेलं. "त्या लाल रेघाच आजार आहेत."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"मंगळवारी मी ॲसिड जास्त वेळ ठेवलं. त्यानं रंग धुतला, जंतू नाही. माझी चूक आहे, सगळी माझी आहे. काल पुन्हा केलं. ती बरी झालेली नाही. तिला आजच्या आज थांबवा, उद्या डॉक्टर औषध बदलतील."

"तुम्हाला खात्री आहे?"

"काल लाल निघालेल्या पाचही काचा दोनदा पाहिल्या."

"हे तुम्हाला काल माहीत होतं?"

"माहीत होतं. सांगायलाच आले होते. तुम्ही बोललात आणि माझी जीभ उचलली नाही. त्याची मला लाज वाटते."

दोनशे माणसं बघत होती आणि काही कळत नव्हतं. पाळकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. मला खरंच वाटलं की हा माणूस आता कोसळेल, नाहीतर ताईवर ओरडेल, नाहीतर सरळ वळून पुढचं गाणं सांगेल आणि सगळं तसंच दाबून टाकेल. तिसरं सगळ्यात सोपं होतं. धाकटी वेदीपाशी उभी राहून वडिलांकडे बघत होती, मनगटावरचं घड्याळ दुसऱ्या हातानं फिरवत.

ते वळले. वेदीपाशी गेले. गोळ्यांचा डबा उचलला. आमच्याकडे वेदीवर ठेवलेलं परत उचलत नाहीत. वडिलांनी मला लहानपणी त्यावरून एकदा मारलंही होतं. बाकांत कुजबुज सुरू झाली. पाळकसाहेबांनी उपदेशाच्या मंचावरचा त्यांचा पाण्याचा पेला घेतला आणि डबा नि पेला दोन्ही मुलीच्या समोर धरले.

"बाळा, ताईंनी पुन्हा तपासलंय," ते म्हणाले. "आजार अजून आहे. उद्या दुसरं औषध सुरू होईल. तोवर हे घे."

ती बाकांकडे बघायला लागली, मग खाली. "इथे? सगळ्यांसमोर?"

"हो. मी धरलाय पेला."

तिनं एकेक करून चार गोळ्या घेतल्या. थोडं पाणी तिच्या ओढणीवर सांडलं. चौथी गोळी गिळल्यावर तिनं वडिलांच्या छातीवर डोकं टेकलं. ते मंडळीकडे बघून म्हणाले, "आज उपकारस्तुती नाही. माझी घाई झाली. जमलंच आहात तर बसा आणि तिच्यासाठी मागा." आणि स्वतः खालच्या पायरीवर बसले, मुलीला धरून. कोणी गायलं नाही. कोणी उठूनही गेलं नाही.

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. मंडळीतली काही माणसं ताईशी महिनोन् महिने बोलली नाहीत. तिनं देवाचं काम खोटं पाडलं म्हणे. एक बाई तर तोंडावर म्हणाली, तुझे वडील बरोबर होते. हॉस्पिटलनं तीन महिने तिला काच वाचू दिली नाही, नुसत्या बाटल्या धुवायला लावल्या, आणि तिनं धुतल्या. धाकटीनं रोज इंजेक्शन घेतलं, डाव्या कानानं तिला कमी ऐकू येऊ लागलं. चिडली की ती ताईला म्हणायची, "मावशी, तुमची ती चूकच बरी होती." ताई ऐकून घ्यायची.

सिंकच्या वर भिंतीवर आता माझ्या दुकानातलं घड्याळ आहे. मी विचारलं होतं, बाबांना काय सांगशील? म्हणाली, "सांगेन, शब्द मोडला. प्रार्थना मी हात धुऊन झाल्यावर करते, मग किती लांबली तरी चालते." आणि खरंच लांबते, मी जेवायला खोळंबतो.

पाळकसाहेबांचा विश्वास राहिला का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. रविवारी ते पूर्वीपेक्षा कमी बोलतात, मधेच थांबतात, आणि मी शेवटच्या बाकावरून तिसऱ्यावर आलोय, एवढं सांगू शकतो.

एकोणीस महिन्यांनी धाकटीची शेवटची काच होती. मी घड्याळाला किल्ली द्यायला गेलो होतो, निदान तसं सांगून गेलो होतो. पाळकसाहेब खिडकीबाहेर उभे, त्याच जागी. ताईनं शंभर जागा बघितल्या. आणखी शंभर बघितल्या. मग आणखी शंभर. नंतर काच तशीच ठेवून ती उठली आणि दार उघडलं.

"साहेब, आत या. बघा."

ते वाकले, चष्मा कपाळावर चढवून. बराच वेळ वाकून राहिले.

"काही दिसत नाही," ते म्हणाले. "नुसतं निळं आहे."

"हो," ताई म्हणाली. "आता म्हणा सुंदर."